पहिलीचे वय : ३१ डिसेंबरची अट आणि पालकांचा निर्णय

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीत प्रवेश घेणाऱ्या बालकाचे वय त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबर रोजी किमान सहा वर्षे पूर्ण असले पाहिजे, असे राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने १८ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ठरवून दिले असून २०२१-२२ या वर्षापासून प्रवेश याच दिनांकाच्या आधारे होत आहेत. ज्या दिवशी बालकाचे वय मोजले जाते त्या दिवसाला शासकीय परिभाषेत ‘मानीव दिनांक’ म्हणतात. पूर्वी तो ३० सप्टेंबर होता, तो तीन महिने पुढे गेल्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जन्मलेली बालकेही त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसण्यास पात्र ठरू लागली. रावेर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या मराठी वा उर्दू शाळेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीवरील शाळेत किंवा खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नाव घालणाऱ्या पालकांसमोर त्यामुळे एक प्रश्न नव्याने उभा राहतो : बालक पात्र झाले म्हणजे ते त्याच वर्षी शाळेत गेलेच पाहिजे का? पात्रता म्हणजे सक्ती नव्हे, हे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर आहे. मात्र थांबण्याची मुभा सर्वांना सारखी नाही आणि थांबणे सर्वांच्या हिताचेही नाही, म्हणून नियमाचा अर्थ, बालकाची स्थिती आणि घरची परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो.

नियमाची चौकट

सहा वर्षे ही मर्यादा आजची नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेल्या विधेयकात सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाची तरतूद सुचवली होती. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला आणि कलम १० नुसार बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एकसंध ‘पायाभूत स्तर’ मानली, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे यांच्या मधली भिंत कमी करून खेळातून व कृतीतून शिकण्याची पद्धत दुसरीपर्यंत चालू ठेवण्याची दिशा दाखवली.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखीव असतात. त्या प्रवेशांसाठी राज्यात किमान वयाबरोबर कमाल वयही ठरवलेले असून पहिलीसाठी ते ३१ डिसेंबर रोजी ७ वर्षे ५ महिने ३० दिवस इतके आहे. २०२५-२६ या वर्षासाठी १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या अठरा महिन्यांत जन्मलेली बालके त्यामुळे पात्र ठरली. त्याच सूत्राने नर्सरीसाठी तीन, ज्युनिअर केजीसाठी चार आणि सिनिअर केजीसाठी पाच वर्षे ही किमान मर्यादा आहे.

निवड नेमकी कोणाच्या हाती

या अठरा महिन्यांच्या चौकटीचा नीट विचार केल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. जुलै ते डिसेंबर २०१९ मध्ये जन्मलेले बालक २०२५-२६ मध्येही पात्र असते आणि २०२६-२७ च्या चौकटीतही बसते, कारण ती चौकट १ जुलै २०१९ पासून सुरू होते. याउलट जानेवारी ते जून २०१९ मध्ये जन्मलेल्या बालकासाठी २०२५-२६ हेच योग्य वर्ष असते, ते सोडल्यास २५ टक्क्यांच्या प्रवेशाची कमाल मर्यादा ओलांडली जाते आणि पहिलीच्या वर्गात बसताना बालक सात वर्षांचे झालेले असते. खरी निवड त्यामुळे फक्त वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या बालकांच्या पालकांना करायची असते, आणि जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेल्या बालकांच्या पालकांनी वर्ष पुढे ढकलण्याचा विचार वैद्यकीय किंवा विकासात्मक कारण असल्याशिवाय करू नये.

उत्तरार्धातही महिन्यागणिक फरक पडतो. जुलैमध्ये जन्मलेले बालक शाळा उघडल्यानंतर काही आठवड्यांतच सहा वर्षांचे होते, त्यामुळे त्याला थांबवण्याचे कारण सहसा उरत नाही आणि थांबवल्यास पुढच्या जूनमध्ये ते जवळजवळ सात वर्षांचे असते. डिसेंबरमध्ये जन्मलेले बालक मात्र जूनमध्ये अवघे साडेपाच वर्षांचे असते, आणि थांबल्यास पुढच्या जूनमध्ये साडेसहा वर्षांचे, म्हणजे वर्गातील बहुतेकांच्या वयाचे होते. म्हणून ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर हे तीन महिने सर्वांत काळजीपूर्वक विचार करण्याचे आहेत. प्रसूती अपेक्षित तारखेच्या बरीच आधी झाली असेल, उदाहरणार्थ फेब्रुवारीत अपेक्षित असलेले बालक डिसेंबरात जन्मले असेल, तर कागदावरचे वय आणि शरीराची व मेंदूची वाढ यांत अंतर असू शकते, हे निर्णय घेताना ध्यानात ठेवावे.

हा निर्णय पहिलीच्या वेळी घ्यायचा म्हणून पुढे ढकलला जातो, परंतु खासगी शाळा निवडणाऱ्या कुटुंबात तो खरे तर नर्सरीच्या वेळीच झालेला असतो. डिसेंबरात जन्मलेले बालक नियमानुसार ज्या जूनमध्ये नर्सरीस पात्र ठरते, त्या जूनमध्ये ते अडीच वर्षांचेच असते. एकदा त्या तुकडीत बसले की वर्गमित्रांबरोबर तीन वर्षांनी पहिलीत जाणे हाच सरळ मार्ग उरतो आणि मध्येच एक वर्ष मागे थांबवणे बालकाला शिक्षेसारखे वाटू शकते. थांबायचेच असेल तर ते पहिल्या पायरीवरच थांबावे.

वयातील अंतर आणि त्याचा परिणाम

जूनमध्ये एकाच बाकावर बसलेल्या दोन बालकांपैकी एक साडेपाच वर्षांचे आणि दुसरे सात वर्षांच्या उंबरठ्यावर असेल, तर धाकट्याच्या एकूण आयुष्याच्या चौथ्या भागाहून अधिक काळाचे अंतर त्यांच्यात असते. वर्गातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बालकांच्या कामगिरीत केवळ वयामुळे जो फरक दिसतो त्याला अभ्यासक ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ डुई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांच्या गणित व विज्ञान चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चौथीतील सर्वांत लहान विद्यार्थी सर्वांत मोठ्यांपेक्षा ४ ते १२ शततमकांनी मागे होते, तर आठवीत हे अंतर २ ते ९ शततमकांपर्यंत उतरलेले होते. शततमक म्हणजे शंभर विद्यार्थी गुणानुक्रमे उभे केल्यास लागणारे स्थान होय. वयाबरोबर फरक कमी होतो, पण तो लगेच नाहीसा होत नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

महाराष्ट्रासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अनुभव विशेष उपयोगी आहे, कारण तेथेही प्रवेशाचा दिनांक ३१ डिसेंबर हाच आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात, वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या डिसेंबरमधील मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा अतिचंचलता व अवधानाच्या विकाराचे निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी अधिक आढळली आणि मुलींमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांनी अधिक होते. वयाने लहान असलेल्या बालकाचे स्वाभाविक वागणे, म्हणजे जागेवर न बसणे, सूचना विसरणे, लवकर रडू येणे, हे दोष किंवा आजार समजले जाण्याचा धोका किती खरा आहे ते यावरून कळते. ‘पोरगं अभ्यासात कच्चं आहे’ असा शेरा पहिलीतच बसण्यापूर्वी त्याचा जन्ममहिना पाहिला गेला पाहिजे.

तरीही या अभ्यासांवरून प्रत्येक बालकाला थांबवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नॉर्वेतील मोठ्या लोकसंख्येवर आधारलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळा एक वर्ष उशिरा सुरू केल्याचा प्रौढपणीच्या मिळकतीवर फारसा परिणाम आढळला नाही. फिनलंडमध्ये औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि इंग्लंडमध्ये बालके चौथे वर्ष संपल्यानंतरच्या सप्टेंबरात शाळेत जातात. दोन्ही ठिकाणी मुले शिकतात, कारण त्या त्या वयाला साजेशी शिकवण्याची पद्धत तेथे वापरली जाते. बालक किती वर्षांचे आहे याइतकेच, वर्गात त्याच्याकडून काय अपेक्षिले जाते हेही म्हणून महत्त्वाचे ठरते.

तयारी कशी ओळखावी

मुळाक्षरे व शंभरपर्यंतचे अंक येणे ही पहिलीची पूर्वअट नाही. ते शिकवण्यासाठीच पहिली आहे. कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी बालकाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेण्यास मनाई असल्यामुळे कोणतीही शाळा ‘लिहिता येत नाही’ म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. शाळापूर्व तयारी अभियानात, म्हणजे राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने भरवल्या जाणाऱ्या मेळाव्यांत, बालकाची तयारी शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व अशा अंगांनी पाहिली जाते, आणि पालकांनाही घरी तोच आराखडा वापरता येतो.

तयारीची साधी लक्षणे अशी : स्वतःचे कपडे सावरणे, शौचाला जायचे आहे हे सांगणे व स्वच्छता करणे, स्वतःच्या हाताने जेवणे. घरातील माणूस जवळ नसताना काही तास दुसऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली राहणे. दहा-पंधरा मिनिटे गोष्ट ऐकणे आणि तिच्याविषयी दोन वाक्ये बोलणे. ‘पिशवी खुंटीला अडकव आणि पाण्याची बाटली घेऊन ये’ अशा दोन टप्प्यांच्या सूचनेप्रमाणे वागणे. बरोबरीच्या मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणे. मण्यांचे किंवा बियांचे रंग-आकारानुसार गट करणे. यांपैकी एखादी गोष्ट जमत नसेल तर चिंतेचे कारण नाही, परंतु बहुतेक गोष्टी जमत नसतील आणि बालक ऑक्टोबर-डिसेंबरचे असेल, तर थांबण्याला सबळ आधार मिळतो.

भाषेच्या बाबतीत रावेर परिसरात विशेष सावधगिरी हवी. येथे अनेक घरांत लेवा गणबोली, तडवी, पावरी, उर्दू किंवा हिंदी बोलली जाते आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी बालकाच्या कानावर फारशी पडलेली नसते. अशा बालकाने शाळेच्या भाषेत उत्तर दिले नाही म्हणून त्याला अपरिपक्व मानू नये; त्याची तयारी घरच्या बोलीतच तपासावी, कारण आपल्या बोलीत भरभरून बोलणारे बालक नवी भाषा शिकण्यास पूर्ण समर्थ असते. बोलीतही ते अत्यंत कमी बोलत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा चित्र डोळ्यांच्या फार जवळ धरत असेल, तर प्रवेश पुढे ढकलण्याआधी तपासणी करून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बालकांना तपासतात. अंगणवाडी सेविकेकडून त्या भेटीची तारीख कळू शकते आणि गरज असल्यास पुढील तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले जाते. ऐकण्याचा किंवा दृष्टीचा दोष एक वर्ष थांबल्याने बरा होत नाही, आणि विशेष गरजा असलेल्या बालकाला लवकर मदत मिळणे हेच त्याच्या हिताचे असते.

थांबलेले वर्ष कसे जावे

थांबण्याचा लाभ होतो तो वर्ष समृद्ध गेले तरच. तीन ते सहा या वयातील शिक्षणाला महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शास्त्रीय पाया दिला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातून आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथील कार्यातून त्यांनी दाखवून दिले की महागडी साधने नसली तरी परिसरातील पाने, बिया, माती आणि गाणी यांतून बालशिक्षण घडते. घरी राहिलेल्या बालकाला रोज गोष्ट ऐकायला मिळणे, मोजणे-निवडणे अशी घरकामातील कामे करायला मिळणे, समवयस्कांबरोबर खेळायला मिळणे आणि पुस्तक हाताळायला मिळणे, एवढे घडत असेल तर ते वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही. केवळ दूरदर्शन संच किंवा भ्रमणध्वनी यांच्यासमोर जाणार असेल, तर पहिलीचा वर्गच अधिक चांगला.

येथे एक व्यावहारिक अडचणही आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीचा लाभ सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे, तर शालेय पोषण आहार पहिलीपासून मिळतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये सहा वर्षे पूर्ण झालेले बालक पहिलीत नसेल तर पुढचे दहा महिने त्याचा आहार व शिक्षण दोन्ही योजनांच्या मधल्या पोकळीत अडकू शकतात. केळीच्या बागांत रोजाने काम करणारे आई-वडील दिवसभर बाहेर असतील, घरी सांभाळणारे कोणी नसेल किंवा बालकाला धाकट्या भावंडाकडे पाहावे लागणार असेल, तर जुलै-सप्टेंबरच्या बालकाला शाळेत घालणे हाच योग्य निर्णय होय. मुलींच्या बाबतीत आणखी एक विचार करावा : जेथे दहावी-बारावीचे शिक्षण मुलीच्या वयाकडे पाहून थांबवले जाते, तेथे सुरुवातीला गमावलेले एक वर्ष शेवटी तिच्याच शिक्षणातून वजा होण्याची भीती असते.

‘वर्ष मागे पडेल’ ही भीती मात्र अनाठायी आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्याच्या नियमानुसार सर्वांत लवकर पहिलीत गेलेले बालकही बारावीनंतरच्या ३१ डिसेंबरला १८ वर्षांचे असते. लवकर घालून ‘जमले नाही तर पुन्हा पहिलीत बसवू’ हा हिशेबही चुकीचा आहे, कारण महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आली असली, तरी पहिली ते चौथीत बालकाला मागे ठेवले जात नाही.

स्थलांतर आणि वेगवेगळे दिनांक

खानदेशातील असंख्य कुटुंबे भुसावळहून जाणाऱ्या ताप्ती मार्गाने कामधंद्यासाठी सुरतेला जातात, आणि गुजरातेत पहिलीसाठी सहा वर्षे १ जून रोजी पूर्ण असावी लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेले बालक रावेरच्या शाळेत जून २०२५ मध्ये पहिलीत बसू शकते, पण सुरतेत ते त्या वर्षी बालवाटिकेत, म्हणजे पहिलीपूर्वीच्या वर्गात जाते. भुसावळ परिसरात रेल्वे किंवा आयुध निर्माणीत नोकरी करणाऱ्यांसाठी केंद्रीय विद्यालयाचा पर्याय असतो, आणि तेथे वय ३१ मार्चला मोजले जाते. म्हणून एप्रिल ते डिसेंबरमध्ये जन्मलेले बालक राज्याच्या शाळेत पात्र असूनही तेथे एक वर्ष उशिरा पात्र ठरते. येत्या वर्षभरात गाव सोडण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाने, मग ते सुरतेला असो वा सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरला, तेथील दिनांकाची चौकशी आधी करावी. शाळेत कधीच न गेलेल्या मोठ्या बालकाला मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गातच प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढला जातो. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवण्याची गरज नाही.

जन्मनोंद खरी असावी

महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून अशी आढळते, कारण दाखला नसलेल्या मुलाची तारीख शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने नोंदवली जात असे. आज असे करणे गैर आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी सुधारित कायद्याने शाळाप्रवेशास जन्मदाखला हाच वयाचा पुरावा ठरवला आहे. तरीही वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. प्रवेशासाठी तारीख मागेपुढे करून घेणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे की शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पुढे आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि नोकरी यांच्याशी जुळावी लागते व ती दुरुस्त करणे जिकिरीचे असते.

निर्णयाचा क्रम आणि शाळेची जबाबदारी

निर्णय मेच्या अखेरीस घाईने न घेता आधीच्या डिसेंबर-जानेवारीत विचारास घ्यावा. प्रथम जन्ममहिना पाहावा; तो जानेवारी ते जूनमधला असेल तर प्रश्न मिटला. जुलै ते सप्टेंबर असेल तर विशेष कारण नसल्यास प्रवेश घ्यावा. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर वरील लक्षणे, तपासणी, अंगणवाडी सेविकेचे मत आणि घरी वर्ष कसे जाईल याचा प्रामाणिक अंदाज या चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पटनोंदणी सुरू होईपर्यंत मन पक्के करावे. शेजारच्या मुलाने काय केले किंवा शाळेला पट पूर्ण करायचा आहे का, यांना या हिशेबात स्थान असू नये.

पहिलीच्या शिक्षकांचा वाटाही तितकाच मोठा आहे. हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवला, डिसेंबरच्या बालकाची तुलना वर्षभराने मोठ्या बालकाशी टाळली, आणि पहिले सत्र खेळ, गाणी व बोलीभाषेतील संवाद यांना दिले, तर वयाचा फरक बराचसा सौम्य होतो. वयाची अट शासन ठरवते आणि प्रवेशाचे वर्ष पालक निवडतात. पण साडेपाच वर्षांचे बालक वर्गात मागे पडेल की रमेल, हे बरेचसे शिक्षकाच्या धीरावर ठरते. त्यामुळे ज्या शाळेत लहान बालकाला सामावून घेण्याची अशी तयारी दिसते, तेथे वर्षभर थांबण्याची गरज कमी भासते, आणि पालकांनी प्रवेशापूर्वी एकदा तो वर्ग प्रत्यक्ष पाहून यावे ही शिफारस सर्वांत शेवटी, पण सर्वांत आग्रहाने करावीशी आहे.